९४४, ७३ आणि आमची मीटर रूम

परवा रविवारी आमच्या मरोळच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. विषय साधाच होता. नव्या बिल्डिंगची मीटर रूम तळाला ठेवायची की वर पोडियमवर न्यायची? वर नेली तर पार्किंगच्या दोन जागा जातात. तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "अहो, क्लायमेट चेंजवर अजून शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. त्यापायी दोन गाड्यांची जागा कशाला घालवायची?" टाळ्या पडल्या. मला तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

२६ जुलै २००५ ला मी फोर्टमध्ये ऑफिसात होतो. तिकडे पाऊस होता, पण आपण जुलैत बघतो तसाच. चारच्या सुमाराला घरून फोन आला की मीटर रूममध्ये पाणी शिरलंय, लाइट गेली. मला खरंच वाटलं की बायको घाबरून वाढवून सांगतेय. नंतर आकडे आले तेव्हा कळलं. २७ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर आणि सांताक्रूझला ९४४. एकच शहर, मधे जेमतेम पंचवीस किलोमीटर. विहार तलावाजवळ तर हजाराच्या वर. मी ती रात्र दादर स्टेशनवर काढली आणि दुसऱ्या दिवशी चालत घरी आलो. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. हे रडगाणं नाही, त्या दिवशी मुंबईत चारशेच्या वर माणसं गेली.

पाणी ओसरलं आणि भांडण सुरू झालं. सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बोट ठेवलं, बंदीही आणली. कुणी म्हणालं ढगफुटी. आणि त्याच दिवसांत 'ग्लोबल वॉर्मिंग' हा शब्द रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आला. मला तेव्हाही वाटायचं की हा शब्द काही लोकांना फारच सोयीचा पडला. निसर्गाचा कोप म्हटलं की कुणाची फाइल उघडावी लागत नाही. माधवराव चितळे समितीने मात्र फाइल उघडली. मिठी नदी आपल्या मरोळ-साकीनाक्यावरून विमानतळाखाली कशी वळवली, पुढे बीकेसीकडे भराव टाकून ती कशी आवळली, नाले किती अरुंद झाले, हे सगळं समोर आलं. म्हणजे नदीचा गळा माणसानेच दाबला होता. त्यावर वाद नाही.

पण पावसाचं काय? इथे काकांचा मुद्दा येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. कुलाब्याला ५ जुलै १९७४ ला एका दिवसात ५७५ मिमी पडला होता, तेव्हा कोण क्लायमेट चेंज म्हणत होतं? बरोबर आहे. एका दिवसाच्या पावसावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पन्नास पन्नास वर्षांच्या नोंदी घेऊन बसतात.

डिसेंबर २००६ मध्ये पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. १९५१ ते २००० च्या नोंदी तपासून त्यांनी सांगितलं की मध्य भारतात पावसाळ्याचा एकूण पाऊस फारसा बदललेला नाही, पण अतिजोराचे दिवस वाढलेत आणि मध्यम पावसाचे कमी झालेत. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या का? नाही. आपल्या पवईच्या आयआयटीतले सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की देशभर जागोजागी बघितलं तर एकसारखी वाढ दिसत नाही. कुठे वाढतंय, कुठे घटतंय, जागेजागेतला फरक मात्र रुंदावतोय. म्हणजे पुणे विरुद्ध पवई! काका ज्याला 'एकमत नाही' म्हणतात ते हेच.

आता गंमत ऐका. २०१७ मध्ये पुण्याच्याच रॉक्सी कोल यांचा निबंध आला. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे लोंढे आहेत, असं त्यात आहे. लेखकांच्या यादीत दुसरं नाव कुणाचं? सुबिमल घोष. मतभेद होता तो टीव्हीवरच्या आरडाओरड्यासारखा नव्हता. एकाने मोजलं, दुसऱ्याने वेगळ्या पद्धतीने मोजलं, मग दोघे एकत्र बसले.

प्रामाणिकपणे सांगायचं तर मुंबई त्या मध्य भारताच्या चौकोनात येत नाही. आणि २६ जुलैचा तो एक दिवस तापमानवाढीमुळेच उगवला, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही.

काकांनी ग्रुपवर हिमालयाचाही फॉरवर्ड टाकलाय. २०३५ पर्यंत हिमनद्या संपतील, असं आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात छापलं होतं. ते चूकच होतं, जानेवारी २०१० मध्ये मागे घेतलं. पण ती चूक पकडली कुणी? हिमनद्यांचाच अभ्यास करणाऱ्यांनी.

मग ठरलंय काय? हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये मोजायला लागले तेव्हा दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आज ४२० च्या वर आहे. तो माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलाचा आहे. त्याने पृथ्वी तापते, आणि हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. केंद्र सरकारच्याच २०२० च्या अहवालात १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान ०.७ अंशाने वाढल्याचं लिहिलंय. यावर भांडण उरलेलं नाही. मरोळच्या गल्लीत कुठल्या तारखेला किती पडेल, हे ठरलेलं नाही, आणि ते ठरायची वाट बघत बसणं मला परवडत नाही.

कारण आपले जुने नाले तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेले. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते ५० करा म्हणून सांगितलं, आणि तो २००५ पर्यंत बहुतांश कागदावरच राहिला. २६ जुलैला सांताक्रूझला सर्वात जोराच्या एका तासात १९० मिमी पडला, वर समुद्राला भरती. २ जुलै २०१९ च्या सकाळपर्यंत तिथेच पुन्हा २४ तासांत ३७५. विज्ञानावर एकमत असो नसो, पन्नासच्या नाल्यात १९० मावत नाही.

काल जुन्या मीटर रूमच्या भिंतीवरचा रंग खरवडून बघितला. २००५ ची चिखलाची रेघ अजून आहे. टेप लावला, रस्त्यापासून पाच फूट दोन इंच. आर्किटेक्टच्या प्लॅनमध्ये चौथरा दोन फुटांचा आहे. येत्या रविवारी दहा वाजता मीटिंग, काकांना साडेनऊलाच खाली बोलावलंय. टेप मी आणतो.