तारीख मिळाली, लिंक कधी मिळणार?

गेल्या आठवड्यात सकाळी शिरवळच्या स्टँडवर ओळखीचे एक आजोबा भेटले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी. कुठं निघालात म्हटलं, तर म्हणाले, "तारीख हाय." वाटपाचा दावा, २०१८ सालचा. मी आपला शहाणपणा केला, "आता ऑनलाइन होतं की बरंच." आजोबा हसले. "ते जेलातल्यांना. आमाला पायरीच हाय."

त्या एका वाक्यावर ही पोस्ट. लांब झालीय, सवडीनं वाचा.

२०२० आठवतंय ना? २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळं. आपल्या नीरेच्या पुलावर नाकाबंदी. अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे सारोळा, म्हणजे पुणे जिल्हा. पास नसेल तर माघारी फिरा. बातमीसाठी मी तिथं बऱ्याचदा उभा असायचो. दूधवाले, कंपन्यांचे कामगार, दवाखान्याला निघालेली माणसं, आणि मधूनच एखादा पक्षकार, हातात तारखेची चिठ्ठी. पोलीस म्हणायचे, "कोर्ट बंद आहे, घरी जा." खरं तर कोर्ट पूर्ण बंद असं कधीच झालं नाही. रिमांड चालू होते, तातडीचे जामीन चालू होते. बंद झालं होतं ते माणसांनी तिथं जाणं. आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कोर्ट म्हणजे जाणंच.

थोडं मागं जाऊ. आदिलशाहीत आणि नंतर शिवकाळात शिरवळ हे परगण्याचं ठाणं होतं. वतनाचे, शिवेचे तंटे तेव्हा गोतसभेपुढे यायचे आणि निवाड्याचा जो कागद व्हायचा त्याला महजर म्हणत. या महजरात निवाडा सर्वांत शेवटी येतो. सुरुवातीला असते यादी: 'हाजीर मजालस'. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार, कोण कोण त्या दिवशी तिथं बसलं होतं ते. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायचा. म्हणजे निवाड्याचं वजन कशात, तर इतक्या माणसांच्या डोळ्यांदेखत तो झाला यात. आपल्या गावची सभा समोरच्याच्या बाजूची आहे असं वाटलं तर वाद दुसऱ्या गावी, परस्थळी, न्यायची सोय होती. पण तिथंही जावं लागायचंच. घरी बसून न्याय ही कल्पनाच नव्हती.

ही कल्पना आली कधी? कोरोनात, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ती आपल्याच मुंबईतल्या एका खटल्यातून आली. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' हा तो खटला. एका कर्करुग्ण महिलेवरच्या शस्त्रक्रियेचं प्रकरण होतं आणि महत्त्वाचा साक्षीदार न्यूयॉर्कमधला डॉक्टर. तो साक्ष द्यायला तयार होता, पण भारतात यायला नाही. १९९९ मध्ये मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांनी व्हिडिओवर साक्ष घ्यायला परवानगी दिली. उच्च न्यायालयानं ती रद्द केली. शेवटी १ एप्रिल २००३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरोपीच्या 'उपस्थितीत' साक्ष घ्यायची म्हणजे एकाच खोलीत असलंच पाहिजे असं नाही, पडद्यावर दिसणं-ऐकू येणं हीसुद्धा उपस्थितीच. (त्या खटल्यातले डॉक्टर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष सुटले, हेही सांगायला हवं.) हाजीर मजालसचा अर्थ त्या दिवशी बदलला. पण पुढची सतरा वर्षं तालुक्याच्या ठिकाणी त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

मग ६ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या न्यायालयांना व्हिडिओवर काम चालवायची मुभा देणारा आदेश काढला. त्यातच एक अट होती: दोन्ही बाजूंची संमती नसेल तर व्हिडिओवर साक्षीपुरावा नोंदवायचा नाही. ही अट मला तेव्हाही योग्य वाटली होती, आजही वाटते. त्याचं कारण पुढं सांगतो.

त्याआधी मुदतीचं बघा. अपील इतक्या दिवसांत, दावा इतक्या वर्षांत, असं कायद्याचं घड्याळ असतं. ते सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. मध्ये दोनदा सुरू करून पुन्हा थांबवावं लागलं आणि शेवटी १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला. मी बोटांवर मोजलं, ७१६ दिवस. आपल्या भागातल्या कित्येकांचे दावे यामुळे वाचले. मात्र कोठडीतल्या माणसाचं घड्याळ थांबलं नाही, आणि ते बरंच झालं. तपास ६० किंवा ९० दिवसांत पुरा करून दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पोलीस म्हणू लागले, आम्हालाही कोरोनाची सवलत द्या. जून २०२० मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठाम नकार दिला. साथीच्या काळातला माझ्या मते सर्वांत मोलाचा निकाल हाच, आणि त्याची बातमी कुणी केली नाही. मीही केली नाही.

तुरुंगातली गर्दी कमी करायला राज्यानं उच्चाधिकार समिती नेमली आणि मे २०२० मध्ये सुमारे १७ हजार कैद्यांना तात्पुरतं सोडायचं ठरलं. जे आत राहिले त्यांच्या तारखा कॅमेऱ्यावर. आजोबांचं 'जेलातल्यांना' तिथून आलेलं.

कोर्टं पुन्हा उघडली तीही एका दमात नाही. आधी कमी कर्मचारी, दोन पाळ्या, फक्त तातडीची कामं. १ डिसेंबर २०२० पासून मुंबई उच्च न्यायालयात प्रत्यक्ष सुनावणी सुरू झाली, एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा पडदा आला. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय पूर्णपणे प्रत्यक्ष सुरू झालं ते ४ एप्रिल २०२२ ला. तालुक्याला काय झालं? टायपिस्ट, स्टॅम्प व्हेंडर, झेरॉक्सवाले, बाहेरचा चहावाला यांची चूल त्या आवारावरच. एका ज्युनियर वकिलाला मी त्या काळात भाजीच्या गाडीवर पाहिलं, त्यानं मास्क वर ओढला, मीही ओळख दाखवली नाही. त्यामुळे आवार उघडलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला आणि त्या आनंदात लिंकचा विषय मागं पडला.

आता साक्षीचं. २०२१ मध्ये एका न्यायालयात, नाव सांगत नाही, संमतीनं व्हिडिओवर उलटतपासणी चालली होती. साक्षीदार मुंबईत. प्रत्येक प्रश्नाला तो आधी उजवीकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. समोरचे वकील म्हणाले, "मोबाईल जरा फिरवा." फिरवला, तर शेजारी मेहुणा कागद घेऊन बसलेला! कोर्टातही हसू फुटलं. म्हणून म्हणतो, साक्ष समोरासमोरच व्हावी. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर माणसाचा गळा सुकतो तो उगीच नाही.

पण सगळ्या तारखा साक्षीच्या असतात का? समन्स बजावलं नाही, पुढची तारीख. समोरच्यांचं म्हणणं यायचंय, पुढची तारीख. साहेब रजेवर, पुढची तारीख. या तारखांना पक्षकाराचं काम काय, तर पुकारा झाला की हात जोडून उभं राहायचं. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीनं जायचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण वाटप अडलेल्या माणसानं कुठं जावं?

कागदावर सोय आहे, असं कुणी सांगेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की कोणत्याही उच्च न्यायालयानं व्हिडिओ सुनावणी नाकारायची नाही. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं त्याच वर्षी ७,२१० कोटी मंजूर केले. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं खटला चालवायची तरतूदही आहे. पण मोठ्या कोर्टातला वकील ऑफिसात बसून युक्तिवाद करतो आणि आमचा म्हातारा नुसती तारीख घ्यायला सकाळी स्टँडवर उभा असतो. सोय पोचली ती ज्याला आधीच सोय होती त्याच्याकडे.

कोल्हापूरचंच बघा. चाळीस वर्षांहून जास्त मागणी, आंदोलनं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर असे सहा जिल्हे. व्हिडिओ असताना बेंच कशाला, असं म्हणणारे होतेच. मला बेंच हवंच होतं. माणसाला न्यायाधीश जवळ हवा असतो. पण शिरवळकरांनो, नकाशा काढा. आपल्यापासून मुंबई साधारण दोनशे किलोमीटर, कोल्हापूर पावणेदोनशे ते एकशे ऐंशी. जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला आपण. कराडचा, सांगलीचा माणूस सुखावला, आपला हेलपाटा फक्त दिशा बदलून गेला. त्यामुळे लिंकची गरज जिल्ह्यात कुणाला असेल तर आधी आपल्याला. वकील संघटनांनी, ग्रामपंचायतीनं एवढं तरी मागावं: साक्ष सोडून बाकीच्या तारखांना पक्षकाराला गावातून, सेतू केंद्रातून का होईना, हजर राहता यावं. फोन नसलेल्यालाही तिथं जाऊन बसता यावं.

संध्याकाळी आजोबा परत स्टँडवरच भेटले. साहेब रजेवर होते. मी त्यांच्या नातवाच्या मोबाईलमध्ये ई-कोर्टचं ॲप टाकून दिलं, केसचा तो सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर कागदावरून बघून भरला. पडद्यावर दाव्याचं नाव आलं, खाली आतापर्यंतच्या तारखांची भली मोठी यादी. आजोबांनी चष्मा चढवला, यादीवरून बोट खाली नेलं.

"यातनं सायबाशी बोलता येतं का?"

नाही म्हटलं, फक्त तारीख दिसते.

"ती मला पाठच हाय," म्हणाले, आणि एसटीतला अर्धा राहिलेला डबा उघडून कट्ट्यावर बसले.