शेवटच्या मिनिटाची बदली

आठवडाभर कोड लिहायचा आणि रविवारी शिट्टी फुंकायची, असं माझं गेली दोन वर्षं चाललंय. फार मोठ्या मॅचेस नाहीत हो. तेरा वर्षांखालची पोरं, पुण्यातलं एक धुळीचं मैदान, २५-२५ मिनिटांचे दोन हाफ आणि टचलाइनवर मुलांपेक्षा जोरात ओरडणारे आई-बाप.

परवा एक प्रकार झाला. निळा संघ १-० ने पुढे होता. दोनेक मिनिटं उरली होती. चेंडू बाहेर गेला, थ्रो-इन. तेवढ्यात निळ्यांचे कोच ओरडले, "रेफ्री, बदली!" लगेच समोरचे कोच कडाडले, "अहो टाइम काढतायत ते! देऊ नका!" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मी हातानेच 'खेळा' अशी खूण केली. झालं! निळ्यांचे कोच, वयाने माझ्या वडिलांच्या आसपासचे, टचलाइनवरून मला नाही नाही ते बोलले. मी जाऊन त्यांना पिवळं कार्ड दाखवलं. थोड्या वेळात मॅच संपली.

हात मिळवताना ते अगदी शांतपणे म्हणाले, "मला कार्ड दाखवलंत, हरकत नाही. पण याला काय सांगू? सकाळपासून बसवून ठेवलाय."

मध्यरेषेजवळ एक बारकं पोरगं उभं होतं. सॉक्स गुडघ्यापर्यंत ओढलेले, शर्ट खोचलेला, आणि शर्टावर धुळीचा एक डाग नाही.

घरी येऊन नियमांचं पुस्तक उघडलं. नियम क्रमांक ३. मग हा नियम आला कुठून, हे शोधता शोधता रात्रीचे दोन वाजले. (जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की ती कोणी आणि का टाकली हे कळल्याशिवाय झोप येत नाही, तसंच.)

तर मंडळी, बदली खेळाडू ही चीज फुटबॉलमध्ये फार उशिरा आली. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने नियम लिहिले, त्यात बदलीचं नावही नव्हतं. पुढे अकरा जणांचा संघ ठरला, पण एखाद्याचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं. मैत्रीपूर्ण सामन्यांत वगैरे बदली चालायची, पण मोठ्या स्पर्धांत नाही.

याचा अतिरेक पाहायचा तर १९५० च्या दशकातल्या वेम्बलीवरच्या एफए कपच्या फायनल्स पाहाव्यात. १९५६ मध्ये मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन बर्मिंगहॅमच्या खेळाडूच्या पायांवर झेपावला आणि मानेला मार लागला. सुमारे १७ मिनिटं बाकी होती. बदली नाही, म्हणून गडी तसाच गोलमध्ये उभा राहिला. सिटी ३-१ ने जिंकली. काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मानेचं हाड मोडलंय! पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर रे वूड सहाव्या मिनिटाला ॲस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपारलंडशी धडकला. गालाचं हाड मोडलं. गोलमध्ये जॅकी ब्लँचफ्लॉवर उभा राहिला, म्हणजे बचावपटूच. व्हिला २-१ ने जिंकली, आणि दोन्ही गोल त्याच मॅकपारलंडचे. १९५९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या रॉय ड्वाइटचा पाय मोडला. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये तर पोर्तुगालविरुद्ध खुद्द पेले लंगडत मैदानात राहिला, कारण त्याच्या जागी कोणी येऊच शकत नव्हतं.

इंग्लंडच्या लीगने १९६५-६६ च्या मोसमात एक बदली मान्य केली, पण अट अशी की बाहेर जाणारा जखमी हवा. २१ ऑगस्ट १९६५ ला चार्लटनचा कीथ पीकॉक बोल्टनविरुद्ध जखमी गोलकीपरच्या जागी उतरला. लीगमधला हा पहिला बदली खेळाडू. आता जखम खरी की नाटक, हे रेफ्रीने ठरवायचं कसं? तो काही डॉक्टर नाही. पुढे ती अट गेली. कारण काहीही असो, बदली करा.

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. रेफ्रीने कोचच्या मनात शिरायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

मग १९७० चा मेक्सिकोतला वर्ल्ड कप. प्रत्येक संघाला दोन बदल्या मिळाल्या. ३१ मे ला पहिल्याच सामन्यात, मेक्सिकोविरुद्ध, सोव्हिएत संघाचा अनातोली पुझाच हाफ-टाइमनंतर उतरला आणि वर्ल्ड कपमधला पहिला बदली खेळाडू ठरला. त्याच स्पर्धेत पिवळी-लाल कार्डंही पहिल्यांदा आली. ही इंग्लिश रेफ्री केन ॲस्टनची कल्पना, त्याला ती ट्रॅफिक सिग्नल बघून सुचली. म्हणजे बदली आणि कार्ड ही वर्ल्ड कपमधली जुळी भावंडं. पुढे बदल्यांची संख्या तीन झाली, २०२० मध्ये कोविडमुळे पाच, आणि २०२२ मध्ये ती पाच कायम झाली.

कोचला कार्ड दाखवायची सोय मात्र २०१९ पासूनची. कोण बोललं ते कळलं नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य कोचला. त्याच वर्षी बाहेर जाणाऱ्याने जवळच्या रेषेवरून निघून जावं असंही ठरलं, कारण आघाडीवरचा संघ शेवटी मुंगीच्या पावलांनी अख्खं मैदान ओलांडायचा.

आता माझ्या थ्रो-इनकडे. नियम सांगतो : रेफ्रीला कळवा, खेळ थांबलेला असू द्या, आधीचा बाहेर जाऊ द्या, रेफ्रीने खूण केली की मध्यरेषेवरून आत या. यातलं 'वेळ काढतायत का' हे तपासणं कुठेच नाही. त्यावरचा उपाय नियम क्रमांक ७ मध्ये आहे. बदलीत गेलेला वेळ मोजा आणि शेवटी भरून द्या. बस. समोरच्या कोचची तक्रार माझ्या घड्याळाने मिटवायची होती. मी ती एका मुलाच्या खेळण्यातून वजा केली. कोचची भाषा कार्डाच्या लायकीची होतीच, पण ती वेळ आणली मी.

आता मॅचआधी दोन्ही कोचना बोलावून सांगतो, "सर, बदली करायची तर मुलगा आधीच मध्यरेषेवर उभा करा. शेवटच्या मिनिटालाही देईन. आणि सर, वेळ मी भरून देणार, तेव्हा ओरडू नका." शेवटची पाच मिनिटं प्रत्येक थ्रो-इनला आधी मध्यरेषेकडे बघतो. तरी ओरडतातच, पण कमी.

गेल्या रविवारी ते निळ्यांचे कोच भेटले. म्हटलं, "सर, त्या दिवशी चूक माझी होती." ते हसले, म्हणाले, "चला, शिट्टी वाजवा, उशीर होतोय."

तो बारका पोरगा मात्र त्यांच्याबरोबर नव्हता. कुठे गेला, हे विचारायचा धीर झाला नाही.