रोजच्या गाडीला टायर कोणते घ्यावे? नागपूरचं ऊन, पावसाळा अन् समृद्धीचा वेग सोसणाऱ्या टायरची निवड अशी करा

नागपूर : गाडी घेताना मायलेज पाहिलं जातं, रंग पाहिला जातो, म्युझिक सिस्टीमही पाहिली जाते. टायरकडे मात्र पंक्चर झाल्याशिवाय कोणाचं लक्ष जात नाही. काटोल, उमरेड, रामटेक, मौदा या भागातून रोज नागपूरला ये-जा करणाऱ्या गाड्या आता शिवमडक्यावरून समृद्धी महामार्गालाही लागतात. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. कारसाठी इथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात जे जुने टायर निभावून नेतात, ते भर मे महिन्यात, पाच माणसं अन् सामान घेऊन, तासन् तास शंभरच्या वर टिकतीलच याची खात्री नाही. टायर फुटून अपघात होऊ नयेत म्हणून आरटीओला समृद्धीच्या प्रवेशद्वारावर टायर तपासणी मोहीम घ्यावी लागली, ती यामुळेच.

‘ऑल सीझन’ म्हणजे नेमकं काय?

दुकानात ‘ऑल सीझन’ हा शब्द हमखास ऐकू येतो. हा शब्द मुळात बर्फ पडणाऱ्या देशांतला. तिथे उन्हाळ्याचे टायर वेगळे अन् हिवाळ्याचे वेगळे. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. दोन्ही ऋतूंत चालावेत म्हणून तिथे ऑल सीझन टायर आले.

नागपूरकडे बर्फाचा प्रश्नच नाही. थंडीत एखाद्या पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो, पण दुपारी ऊन असतंच. आपल्याकडचे खरे दोन ऋतू म्हणजे ४५ अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. त्यामुळे इथे ‘बारमाही’ टायर म्हणजे उन्हात तापून न बिघडणारा आणि ओल्या रस्त्यावर न घसरणारा. बर्फाच्या डोंगराचं चिन्ह असलेल्या परदेशी टायरसाठी जास्त पैसे मोजायची इथे काहीच गरज नाही.

टायरवर लिहिलेलं असं वाचा

समजा टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असं लिहिलं आहे.

- १८५ : टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये.
- ६५ : रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते. हा आकडा कमी म्हणजे टायर चपटा.
- आर १५ : रेडियल टायर, १५ इंचाच्या रिमसाठी.
- ८८ : वजन पेलण्याचा क्रमांक. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो. ८२ असेल तर ४७५ किलो, ९१ असेल तर ६१५ किलो.
- एच : वेगाचं अक्षर. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर.

कंपनीने गाडीला दिलेल्या क्रमांकापेक्षा आणि अक्षरापेक्षा खालचा टायर कधीच घेऊ नये. दुकानदार ‘हाच बसतो, दोन पैसे स्वस्त पडंल’ म्हणाला तरी नाही. टायर रिमवर बसला म्हणजे तो गाडीचं वजन पेलेलच असं नाही.

तारीख न पाहता टायर घेऊ नका

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांपाशी एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. २३२५ असेल तर टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, म्हणून रिमवर चढवण्याआधीच पाहावेत. सोबत आयएसआय चिन्हही पाहावं. भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या टायरना ते बंधनकारक आहे.

टायर न चालवताही म्हातारा होतो. गाडी अंगणात उन्हात उभी असली तरी रबर कडक होतं अन् बारीक भेगा पडतात. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत, असं टायर कंपन्या सांगतात. नागपूरच्या उन्हात दहा वर्षांची वाट न पाहिलेलीच बरी. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे.

‘हाय परफॉर्मन्स’ टायर गावाकडे परवडतात का?

या टायरचं रबर साधारणपणे मऊ असतं, त्यामुळे वळणावर आणि ब्रेक लावताना पकड चांगली मिळते. मात्र मऊ रबर लवकर झिजतं. शिवाय यातले बरेच टायर चपटे असतात. खड्ड्यात आदळलं की चपट्या टायरची बाजू रिम अन् दगडाच्या मधे चेंगरते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. कुही, भिवापूर, नरखेडच्या आतल्या रस्त्यांवर गिट्टी उखडलेली असते, तिथे हा धोका जास्त. मोठे अलॉय अन् चपटे टायर गाडीला शोभा देतात, पण शेताच्या वाटेवर खर्च वाढवतात.

समृद्धीची मर्यादा १२० ची असताना २४० च्या अक्षरासाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी अनेक टायरवर छापलेल्या तीन गोष्टी पाहाव्यात. ‘ट्रेडवेअर’ हा आकडा जितका मोठा, तितका टायर जास्त दिवस चालण्याची शक्यता. ‘ट्रॅक्शन’ म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड, त्यात डबल ए सर्वात चांगलं, मग ए, बी आणि सी. ‘टेम्परेचर’ म्हणजे उष्णता सोसण्याची ताकद, त्यात ए सर्वात वर. विदर्भातल्या गाडीला टेम्परेचर ए आणि ट्रॅक्शन किमान ए असलेला, कंपनीच्याच मापाचा टायर घेतला तर रोजची ये-जा आणि शिर्डीचं दर्शन दोन्ही निभावतं.

हवा : फुकट मिळणारी सुरक्षा

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाही तर टायर फुटतो’ हा समज गावोगावी पक्का बसला आहे. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, त्याची बाजू सतत वाकते अन् सुटते. या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. वेग आणि ओझं वाढलं की ती आणखी वाढते आणि शेवटी टायर फुटतो.

किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पूर्ण माणसं अन् सामान असताना किती, हेही तिथेच असतं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे गाडी चालून टायर गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसणारच. तो पाहून हवा सोडू नये. नायट्रोजन भरला तर चांगलंच, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा साधी हवा तपासणं हे एकदा नायट्रोजन भरून विसरून जाण्यापेक्षा बरं.

गोटा झालेला टायर कसा ओळखावा?

कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलीमीटर खोल हवी, असा नियम आहे. मोजायला यंत्र लागत नाही. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात मात्र तिथपर्यंत थांबू नये. या खाचा चाकाखालचं पाणी बाहेर फेकतात. त्या उथळ झाल्या की वेगात गाडी पाण्यावर तरंगते, मग ना ब्रेक लागतो ना स्टेअरिंग ऐकतं. नक्षी तीन मिलीमीटरवर आली की पावसाच्या आधीच नवीन टायर बघावेत.

टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. दोन्ही कडांनी झिजत असेल तर हवा कमी राहते आणि फक्त मधे झिजत असेल तर हवा जास्त होते. बाजूवर फुगा किंवा खोल कट दिसला तर तो टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरही फक्त मधल्या नक्षीच्या भागातलंच काढावं, बाजूचं नाही.

दोनच टायर घ्यायचे असतील तर?

चारही एकदम घेणं सगळ्यांना जमत नाही. दोन घेतले तर नवीन टायर पुढे लावायची आपल्याकडे पद्धत आहे. टायर कंपन्यांचा सल्ला याच्या उलट आहे : नवे मागे लावावेत. पुढचे टायर घसरले तर वेग कमी करून गाडी सांभाळता येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते, मग चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही.

बिल अन् जीएसटी

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. ट्रॅक्टरच्या टायरला तो आता ५ टक्के आहे. बिलावर हा दर पाहावा आणि टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी मागताना बिल अन् क्रमांकच कामी येतात.

धावत्या गाडीचा टायर फुटलाच तर

- स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा.
- जोरात ब्रेक मारू नका, एकदम वळवू नका.
- अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा, वेग आपोआप कमी होऊ द्या.
- वेग उतरल्यावर डाव्या कडेला थांबा आणि धोक्याचे दिवे लावा.
- माणसांना आधी गाडीतून उतरवून रस्त्याच्या बाहेर, कठड्यापलीकडे न्या.
- समृद्धीवर भर रस्त्यालगत बसून टायर बदलू नका. सगळे सुरक्षित जागी गेल्यावर हेल्पलाइनला फोन करा.
- स्टेपनी छोटी असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. बहुतेक वेळा ती ताशी ८० किलोमीटरची असते.