घडीची भिंत

सुरतेहून तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने निघालात, तर उधना मागे पडल्यावर थोड्याच वेळात चलथाण लागते. साखर कारखान्याचे गाव. हा सारा पट्टा जुन्या सुरत-बऱ्हाणपूर वाटेचा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहीर व्यापारी तावेर्निये बारडोली, नवापूर, नंदुरबार असाच वर गेला. त्या काळच्या मुक्कामांत कनात असे. कापडात काठ्या घातलेल्या. उभी केली की भिंत, गुंडाळली की गाडीवरचे ओझे.

घडीची लाकडी चौकट मात्र आपल्या घरांत रुळली नाही. जपानी लोक तिला ब्योबू म्हणतात, म्हणजे वाऱ्याला आडोसा. पोर्तुगिजांनी त्याच शब्दाचे बिओंबो केले. ही चौकट नागमोडी ठेवली तरच उभी राहते आणि तेवढी जमीन खाते. मुंबईच्या बीडीडी चाळींत, 1920 च्या दशकात बांधलेल्या, खोलीच साधारण 160 चौरस फुटांची. तिथे जमीन सोडणार कोण? दोरीवर जुने लुगडे पडले आणि काम भागले. सकाळी ते बाजूला सारले की खोली पुन्हा सगळ्यांची.

नवपरिणीतांची तिथली कोंडी ‘मुंबईचा जावई’ या 1970 च्या चित्रपटाने हसत हसत दाखवली. प्रत्यक्षात हसू कमीच असावे. लुगडे नजर अडवते, आवाज नाही. उरलेली भिंत माणसांनीच व्हायची: म्हाताऱ्याने वळकटी उचलून गॅलरीत जायचे, आत येणाऱ्याने दाराशी खाकरायचे. फर्निचरच्या इतिहासात या खाकरण्याची नोंद सापडायची नाही. माझ्या मते ती हवी.

आता पुन्हा सुरतेच्या बाजूला या. धुळे, जळगाव, नंदुरबारहून मागावर कामाला आलेली कुटुंबे उधना, लिंबायतपासून थेट या पट्ट्यापर्यंत भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची. त्यामुळे चाळीत रात्री लागणारा पडदा इथे भरदिवसाही लागतो. पलीकडे रातपाळी करून आलेला बाप झोपलेला, अलीकडे पोर गणिते सोडवते आहे, आणि त्याची आई फोडणी देताना झाकण हळूच ठेवते. पंधरवड्याने पाळी बदलली की पोराला रात्री दिवा हवा असतो आणि बापाला अंधार. मग तीच साडी ओढायची, फक्त उजेड आता दुसऱ्या बाजूला.