कापडकुटाईची गेलिक गीते
स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीझ बेटांवरील स्त्रियांनी जतन केलेली श्रमगीते. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड सैल व तेलकट असते. ते घट्ट व मऊ करण्यासाठी साठवलेल्या मूत्रात भिजवीत. त्यातील अमोनियामुळे तेलकटपणा जाई व रंग पक्का होई. लांब फळीभोवती समोरासमोर बसलेल्या स्त्रिया ओले कापड गीतांच्या तालात आपटीत आणि सूर्याच्या गतीच्या दिशेने शेजारणीकडे सरकवीत. कापड किती आटले हे मधल्या बोटाने मोजत. पुरेसे आटले नसेल, तर आणखी एक गीत सुरू होई.

एक स्त्री ओळ गाई व इतर ध्रुपद धरीत. ध्रुपदात बहुधा निरर्थक अक्षरे असत. प्रेम, विलाप, कुळाची थोरवी, अविवाहित मुलींची थट्टा असे विषय आढळतात. काही गीते सतराव्या शतकातील किंवा त्याहून जुनी आहेत. एकाच बैठकीत तेच गीत पुन्हा गाणे अशुभ मानीत.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कापडकुटाईचे काम यंत्रांकडे गेले. मार्गारेट फे शॉ यांनी साउथ यूइस्ट बेटावर १९२९–३५ या काळात राहून गीते टिपली. त्यांचा संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे पती जॉन लॉर्न कॅम्बेल यांनी ध्वनिमुद्रणे केली आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांच्यासह या गीतांचे तीन खंड संपादित केले (१९६९–८१). स्थलांतरितांबरोबर ही परंपरा कॅनडातील केप ब्रेटन बेटावर गेली. तेथे पुरुषही गाण्यात सामील होतात.