हजेरीपटातले नाव

इतिहासाच्या प्राध्यापकाला रोज वर्गात शिरल्याबरोबर एक दस्तऐवज वाचावा लागतो. तो म्हणजे हजेरीपट. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आडनावापाशी आवाज किंचित अडखळतो आणि तेवढ्या वेळात आपण त्या मुलाची जात, वस्ती, बापाचा धंदा, एवढेच नव्हे तर त्याला किती मार्क पडतील हेही ठरवून मोकळे होतो. मी असे करीत नाही असे छातीवर हात ठेवून सांगणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे. मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या आडनावापाशी अडखळणारे आवाज मी पहिलीपासून ऐकत आलो. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना आमचे एक गुरुजी भर वर्गात म्हणत, “बी. सी. वाले उभे राहा.” आम्ही उभे राहायचो. त्यांच्या मनात वाईट काही नसे. तेच मला आज अधिक भयंकर वाटते.

हा अडखळणारा आवाज जुना आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने तो नाकारला. मुलाने सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारने २१ जुलै १८५६ च्या ठरावात जे म्हटले त्याचा आशय असा की, न्याय या मुलाच्या बाजूचा आहे. पण एका मुलासाठी सगळी शाळा मोडू देता येणार नाही. इतिहासात हा मुलगा ‘महार मुलगा’ म्हणूनच उरला आहे. त्याला गणित येत होते काय, अक्षर कसे होते, तो हट्टी होता की अबोल, याची कोणी चौकशी केली नाही. प्रवेशाच्या दारात मुलगा उभा होता आणि दारातल्या माणसांना दिसली ती फक्त जात.

त्यानंतर आमच्यासाठी वेगळ्या शाळा निघाल्या, ओसरी मिळाली, गोणपाट मिळाले. हे सारे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याची उजळणी मी करीत नाही.

शाहू महाराजांविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहे उभारली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. यामुळे जाती पक्क्या झाल्या, असा आक्षेप आमचे काही विद्वान आजही चवीने घेतात. खेड्यातून आलेल्या पोराला त्या काळी कोल्हापुरात भाकर कोण वाढणार होते, हे ते सांगत नाहीत. याच राजाने १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, हेही ते सांगत नाहीत. राहण्याजेवणाची अडचण कोणाची काय आहे हे पाहताना महाराजांनी जात पाहिली. शिकण्याच्या बाकावर त्यांनी ती पाहू दिली नाही. विद्यार्थ्याची पार्श्वभूमी जाणून घेणे आणि त्याला पार्श्वभूमीत कोंडणे यांत जो फरक आहे तो हाच. मुलगा घरी गोरमाटी बोलतो हे मला माहीत असले पाहिजे, नाही तर त्याच्या मराठीतल्या लिंगाच्या चुका मी मंदबुद्धीच्या खात्यात टाकीन. पण तांड्यावरचा आहे म्हणून वार्षिक संमेलनात नाच त्यानेच करावा, हे मी कोणत्या अधिकाराने ठरवणार?

जन्मावरून माणसाचा साचा ठरवण्याचे काम परकीय सरकारने तर कायद्याच्या पुस्तकात घातले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याचा अंमल पसरला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, ही त्यामागची समजूत. मनूला हसू यावे अशी! सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते आणि आत राहणाऱ्या माणसांना हजेरी होती. हजेरी हा शब्द तिथेही होता, हे मी विसरू शकत नाही. सहा वर्षांवरची मुले आईबापांपासून तोडून औद्योगिक वा सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद १९११ च्याच कायद्यात आहे. म्हणजे शाळा होती, मास्तर होता, पाटी होती. पण मूल शाळेत आले ते गुन्हेगार म्हणून, आणि सुधारण्यासाठी. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लोकांच्या डोक्यातून तो केव्हा रद्द झाला याची तारीख माझ्याकडे नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. हाच कायदा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवीत होतो. वर्गात एक पारधी समाजातली मुलगी होती. मी मोठ्या आस्थेने तिला उभे केले आणि म्हणालो, “तुझ्या घरच्या अनुभवावरून तू वर्गाला सांग.” ती उभी राहिली. काही बोलली नाही. साठ डोकी तिच्याकडे वळली. मी म्हटले, “लाजू नकोस.” नंतर आठ दिवस ती आली नाही.

नवव्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात आली. मी माफी मागण्याच्या तयारीत होतो. पण तिने बोलायला सुरुवात केली. “सर, तुम्ही फ्रेंच राज्यक्रांती शिकवली तेव्हा मी तीनदा हात वर केला होता. तुम्ही पाहिला नाही.”

मला गुरुजी आठवले. बी. सी. वाले उभे राहा. त्यांच्याजवळ सरकारी अर्ज होता, माझ्याजवळ सहानुभूती होती. उभे राहणाऱ्याला दोन्ही सारखेच. आपल्या चळवळीतून आलेल्या शिक्षकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण आपल्या पोटात कळवळा आहे म्हणून आपल्याला माफ आहे अशी आपली समजूत असते.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सहकाऱ्यांतल्या काहींनी प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांचा हात लागण्यास हरकत घेतली. त्यांना माठापाशी फक्त महार दिसला. आणि दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी याच प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकायला येऊन बसत. ते काही कोणाची करुण कहाणी ऐकायला येत नव्हते. त्यांना अर्थशास्त्र हवे होते.

पुढे १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी, आणि त्याला नाव दिले मिलिंद. या नावाचा विचार मी अलीकडे पुष्कळ केला. मिलिंद हा ग्रीक राजा. परका, परभाषी. त्याचा अधिकार एकच, तो नागसेनाला प्रश्न विचारतो. भेटीच्या आरंभीच तो नाव विचारतो. भिक्षू सांगतो, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते हाक मारण्यापुरते; त्या नावात कोणी माणूस सापडायचा नाही. राजा चकित होतो. मग भिक्षू त्याला त्याच्याच रथाकडे बघायला लावतो. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू? राजाला एकेका प्रश्नाला नाही म्हणावे लागते. आडनाव म्हणजे विद्यार्थी काय, असे मी स्वतःला विचारले, आणि पुढचे उत्तर अवघड नव्हते.

हजेरी आता मी नंबराने घेतो. त्याने फार काही साधले असे नाही. नंबरामागचे आडनाव मला पाठ आहेच. पण कोणाचे हात वर होतात ते मी आता पाहतो.

त्या मुलीने सत्राच्या शेवटी ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या, त्यावर निबंध लिहिला. चांगला होता. सनावळीत दोन चुका होत्या, म्हणून मी दहापैकी सात दिले. दुसऱ्याच दिवशी ती वही घेऊन भांडायला आली. एक चूक तिची नव्हती, माझीच होती. साडेसात केले. ती म्हणाली आठ पाहिजेत.