ब्लॉकिंग (विणकाम)

ब्लॉकिंग म्हणजे हाताने विणलेले कापड भिजवून किंवा वाफ देऊन, ठरलेल्या मापावर पसरून वाळविण्याची प्रक्रिया होय. कार्डिगन, म्हणजे पुढून उघडणाऱ्या बटणांच्या स्वेटरच्या बाबतीत, सुयांवरील शेवटचे टाके बंद केल्यावर ब्लॉकिंग, शिवण व बटणपट्टी ही कामे उरतात. १८५४ साली बॅलाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिशांच्या लाइट ब्रिगेडचे नेतृत्व करणारे जेम्स ब्रुडनेल हे कार्डिगनचे सातवे अर्ल होते. या कपड्याचे नाव त्यांच्यावरून पडले.

शास्त्रीय आधार

लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा असतो. तो भिजला की प्रथिनाच्या साखळ्यांमधील हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या स्थितीत जुळतात. ओले केस वेणीत बांधून वाळविल्यास त्यांना वळण पडते, त्याचेही कारण हेच. पुन्हा भिजल्यावर हा आकार सैलावत असल्याने धुतलेला स्वेटर दर वेळी मापावर पसरूनच वाळवावा लागतो.

धाग्याची ओळख

मराठीत ‘लोकर’ हा शब्द मेंढीच्या लोकरीसाठी आणि दुकानातील अ‍ॅक्रिलिक धाग्यासाठी सरसकट वापरला जातो. या गोंधळामुळे कपडे बिघडू शकतात. अ‍ॅक्रिलिकवर पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. वाफेने ते आकार घेते. परंतु उष्णता जास्त झाल्यास विणीची लवचीकता कायमची जाते आणि कापड लुळे पडते. वेष्टन हरवले असेल तर धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो व तिची राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र धाग्याबाबत ही कसोटी पुरेशी नाही.

कृती

पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या थंड पाण्यात सुमारे २० मिनिटे भिजवतात. चोळू वा पिळू नये. उष्ण पाणी, साबण व घर्षण एकत्र आल्यास तंतूंवरील खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून बुरणुसासारखे दाट होते. ते पूर्ववत करता येत नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावे, भाग सपाट गादीवर पसरावेत, टेपने मोजून न गंजणाऱ्या टाचण्या लावाव्यात. एक सुलट-एक उलट टाक्यांची बॉर्डर ताणू नये. ओला स्वेटर दोरीवर टांगल्यास स्वतःच्या वजनाने लांबतो.

काहीजण आधी शिवतात व मग ब्लॉकिंग करतात. कार्डिगनला मात्र सुटे भाग आधी वाळविणे श्रेयस्कर, कारण पुढचे दोन्ही भाग शेजारी ठेवून त्यांची लांबी जुळविता येते. नंतर खांदे, बाह्या आणि बगला या क्रमाने शिवण घालतात.

बटणपट्टी

पट्टीसाठी पुढच्या कडेवरून टाके उचलतात. साध्या विणीत साधारणपणे ४ ओळींमागे ३ टाके. जास्त उचलल्यास पट्टीला झालर पडते, कमी उचलल्यास कड आखडून स्वेटर पुढे वर चढतो. रूढीनुसार काजे स्त्रियांच्या कार्डिगनला उजव्या व पुरुषांच्या कार्डिगनला डाव्या पट्टीवर असतात.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर स्वेटर सुटे भाग न करता अखंड विणण्याची परंपरा आहे. तेथे धुतलेला स्वेटर लाकडी चौकटीवर चढवून वाळवितात.